पाटलिणीच्या साडीचे बुट्टे

पेरणीला चार दिवस राहिले असताना घरातल्या बियाण्याच्या तिन्ही पिशव्या मी कात्रीने कापल्या. फोडल्या असं नाही म्हणत, कापल्या. आतली सरकी एका डब्यात ओतली, पिशव्यांच्या दर्शनी बाजूची चित्रं नीट कडेने कापून घेतली, घडी पडू नये म्हणून पोलक्यात सपाट सरकवली आणि उरलेल्या पिशव्या चुलीत घालून त्यांच्यावर घरच्यांचा चहा केला. चहाला जळक्या प्लास्टिकचा वास आला. आत्याबाई म्हणाल्या, "आज चहाले कसला वास येऊन राह्यला वं?" मी म्हटलं, "नवी पत्ती हाये." सगळ्यांनी तो चहा प्यायला. हे मी लहानपणी केलं असतं तर एक वेळ शोभलं असतं. पण तेव्हा माझी पंचविशी उलटली होती, पदरी दोन लेकरं होती आणि मोठी चिंगी शाळेत पाढे म्हणत होती. बाकीचे लोक लहानपणी मोठे होतात. मी अंगाने वेळेवर वाढले, डोक्याने वाढायची राहिले, आणि ते राहिलेलं वाढणं एका पावसाळ्यात, पंधरा-वीस दिवसांत, उरकून घ्यावं लागलं. हे सगळं मी केलं कशासाठी, तर पत्ते खेळण्यासाठी.

मला सासरी येऊन आठ वर्षं झाली होती. गाव पिंपळगाव राजाहून चालत तासाभराचं. घर तसं बेताचं, पण भरलेलं वाटायचं, कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठल्यापासून निजेपर्यंत घरातल्या वस्तूंशी बोलत असायच्या. दुधाला म्हणायच्या, "उतू जाऊ नको, तुले सांगून ठेवते." दाराच्या कडीला म्हणायच्या, "करकर करतं, काऊन, तेल नाही भेटलं का तुले?" माणसांशी बोलायला त्यांच्याकडे फारसं उरत नसे, आणि उरलं तर ते माझ्या वाट्याला यायचं. आमचे हे त्याउलट. दिवसाला मोजून दहा वाक्यं, त्यातली सहा बैलांना. दुपारच्या जेवणाला कळण्याची भाकर, ठेचा, कांदा आणि उन्हाळ्यात कैरीचा तक्कू. तो तक्कू मी मोहरीची फोडणी घालून असा करायचे की हे अकरावं वाक्य बोलायचे, "आज बरा झाला."

आमच्या भिंतीला भिंत लावून शकीलाचं घर. तिचा नवरा गाद्या भरणारा पिंजारी. त्याच्या धुनकीचा 'ट्यांव ट्यांव' आवाज सकाळपासून सुरू व्हायचा, आणि आत्याबाई दळायला बसल्या की त्यांचा हात आपोआप त्या तालात फिरायचा. एखाद्या दिवशी धुनकी बंद असली तर त्या भिंतीवरून ओरडायच्या, "आज काऊन गप हाये वं घर? तब्येत बरी हाये ना?" शकीला माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, धाडची माहेरवाशीण. शेत त्यांच्याकडे गुंठाभरही नव्हतं. कापसाच्या हंगामात ती आमच्याबरोबर मजुरीने वेचणीला यायची, बाकीचं वर्ष गाद्यांच्या कडा शिवायची. तिच्या हातात दाभणाएवढी सुई असायची आणि ती सुई हातात असताना तिच्याशी खोटं बोलायची माझी छाती होत नसे.

दुपारची जेवणं झाली, माणसं आडवी झाली की आम्ही चार-पाच जणी तिच्या ओसरीवर जमायचो. तिथे पिंजलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून आमचा खेळ चालायचा. ते दिवस बीटी कापसाचे. दर उन्हाळ्यात खामगावच्या दुकानांत नव्या वाणाच्या पिशव्या यायच्या आणि प्रत्येक पिशवीवर रंगीत चित्र. कुठे वाघ, कुठे गरुड, कुठे मिशांना पीळ देणारा शेतकरी, कुठे तराजू. नावं कंपनीची काही का असेनात, आम्ही चित्रानेच ओळखायचो. रिकाम्या पिशवीचं दर्शनी चित्र कापलं की त्याला आम्ही 'तोंड' म्हणायचो. ज्याची त्याची तोंडं ज्याच्या त्याच्याजवळ. दोघींनी एकेक तोंड पालथं टाकायचं, मग उलटायचं, जिचा वाण भारी तिने दोन्ही उचलायची. आणि भारी कोणता हे कसं ठरायचं, तर वेचणीवरून. ज्या पऱ्हाटीच्या कापसाने कमरेची ओटी लवकर भरते, ज्याचं बोंड बोटाला न ओरबाडता सुटून येतं, तो भारी. हे सांगायला दुकानदार लागत नव्हता की रेडिओ. आमची बोटंच साक्षीदार. भांडण झालंच तर कमलाकाकूंकडे जायचं. त्यांनी चाळीस वर्षं कापूस वेचला होता. त्या डोळे मिटून, बोटं चोळून सांगायच्या, "वाघ गरुडाले खाते. वाघाचं बोंड पोरीवानी हातात येते." निकाल लागला.

शकीलाजवळ साठ-सत्तर तोंडं होती. उकिरड्यावरून, बांधावरून, ज्या ज्या शेतात मजुरीला गेली त्या शेतातून उचललेली. घरी आणून ती गादीखाली दाबून सपाट करायची आणि गादीच्या जाड दोऱ्याने प्रत्येकाची कड शिवून घ्यायची, म्हणजे फाटायचं नाही. आमची तोंडं दोन महिन्यांत मळून जायची, तिची वर्षानुवर्षं टिकायची. त्यात तिची सगळ्यांत लाडकी म्हणजे बैलजोडी. बीटीच्या आधीचा, तिच्या लहानपणचा वाण, धाडहून लग्नाच्या पेटीत ठेवून आणलेलं तोंड. त्या वाणाचं पहिलं वेचणं ती तिच्या अम्मीबरोबर शिकली होती. कमलाकाकूंनी डोळे मिटून एकदाच निकाल दिला होता, "बैलजोडीसारखी ओटी पुन्हा भरली नाही." झालं, बैलजोडी सगळ्यांना खायची. शकीला ती सहसा टाकत नसे. पण ती तिच्या सुयांच्या डब्यात आहे एवढं ठाऊक असणंच आमची कंबर मोडायला पुरे होतं.

मी हरायचे. दररोज हरायचे आणि दररोज घरी जाऊन आत्याबाईंच्या भांड्यांवर राग काढायचे. मग त्या उन्हाळ्यात मी एक युक्ती काढली आणि ती इतक्या साळसूदपणे मांडली की आजही मला माझं कौतुक वाटतं, आणि लगेच कानाखाली लगावावीशीही वाटते. मी म्हटलं, "बायांनो, हे जुने वाण आता दुकानात भेटतात का? नाही. शेतात दिसतात का? नाही. मग खेळात कायले? यंदापासून यंदाच्याच पिशव्या चालतीन. दर मिरगाले जुनं सारं बाद. नवीन येनाऱ्या पोरींनाबी जिंकता आलं पाहिजे ना." कमलाकाकू म्हणाल्या, "पन यंदाचा कापूस त अजून पेरला नाही. भारी कोनता हे कसं समजनार?" त्यालाही माझ्याकडे उत्तर तयार होतं. चित्रातली बोंडं मोजायची. ज्याच्या चित्रात जास्ती बोंडं, तो भारी.

शकीला गादीची कड शिवत होती. सुई न थांबवता म्हणाली, "चित्रातलं बोंड कोनाच्या ओटीत पडलं का वं आजवर?" बाकीच्या हसल्या, पण मला विरोध कुणी केला नाही. कसा करतील? ज्यांच्या घरी शेत होतं त्यांच्या घरी चार दिवसांत नव्या पिशव्या येणारच होत्या. फक्त शकीलाच्या घरी येणार नव्हत्या. शकीला म्हणाली, "बरं," आणि तिची सगळी तोंडं फडक्यात बांधून आत ठेवून आली.

तिच्या त्या "बरं"चा अर्थ मला कळायला नात व्हावी लागली. आमची इरा, नऊ वर्षांची, अकोल्याला असते. सुटीत आली की तिच्या पिशवीत चकचकीत पत्त्यांचा डबा असतो. राक्षस, पंखवाले घोडे, कसली कसली जनावरं. मागच्या उन्हाळ्यात पोरगी कोपऱ्यात मुसमुसत बसली होती. का, तर त्या पत्त्यांच्या कंपनीने जाहीर केलं होतं की ज्यांच्या कोपऱ्यात जुनी खूण आहे ते पत्ते यंदापासून स्पर्धेत चालणार नाहीत. दर वर्षी म्हणे एकेक खूण बाद होते. दोन वर्षं वाढदिवसाला मागून मागून जमवलेला तिचा निळा पक्षी त्यात गेला. मी आधी हसले. म्हटलं, पक्षी काय उडून गेला का? आहे ना डब्यात. ती म्हणाली, "आजी, आहे, पण आता तो काहीच नाहीये." मी हसायची थांबले. थोड्या वेळाने नाक पुसून तिनेच कंपनीची बाजू घेतली, "पण तसं नाही केलं तर नवीन मुलांना कधीच जिंकता येणार नाही." हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं ते मला बरोबर ठाऊक होतं. ते माझंच होतं. आणि खोटंही नव्हतं, हेच त्यातलं वाईट. नव्या पोरींना खरंच संधी मिळते. फक्त ती संधी ज्याच्या घरी नवी पिशवी येते त्याच्या दारातून आत येते, आणि मी नवी पोर नव्हते, मी हरून हरून कंटाळलेली बाई होते.

तर आता पिशव्या. त्या वर्षी सगळ्या तालुक्याला एकाच वाणाचं वेड लागलं होतं. चित्रात एक पाटलीण, हिरवी साडी, नाकात नथ, ओटीत कापूस मावत नाही आणि गालात हसते आहे. इतक्या वाघ-गरुडांत आलेली पहिली बाई, त्यामुळे बायांचा तर जीवच जडला. आमचे हे पहाटेच्या जीपने खामगावला गेले, दुकानापुढच्या रांगेत दिवसभर उभे राहिले आणि दिवेलागणीला तीन पिशव्या छातीशी धरून परत आले. त्या दिवशी त्यांचं बाविसावं की तेविसावं वाक्य झालं असेल, "आपल्यामागं पंधरा जन रिकाम्या हातानं गेले." पिशव्या देवाच्या कोनाड्यात ठेवल्या. आत्याबाईंनी त्यांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "नीट फुटजा माय."

माझं लक्ष सरकीत नव्हतंच. मी उभ्या उभ्या चित्रातली बोंडं मोजली. एकवीस. गावात कुणाच्याही पिशवीवर एवढी नव्हती. गरुडाची चौदा, तराजूची अकरा. पेरणीपर्यंत थांबायचं म्हणजे चार दिवस, आणि पेरणीच्या दिवशी शेतात पिशवी फाडताना पुरुषमाणसं ती कशीही टराटरा फाडतात, पाटलिणीचं नाकच जायचं. म्हणून मी कापल्या. आत्याबाईंना सांगितलं, उंदीर झालेत, सरकी डब्यात बरी. त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, वस्तूकडे नव्हे, म्हणाल्या, "पोरीले आता समज येऊन राह्यली." मी खाली मान घालून ते कौतुकही पदरात घेतलं.

दुसऱ्याच दुपारी मी ओसरीवर गेले. शकीला खेळात नव्हती, कारण तिच्याजवळ यंदाचं तोंडच नव्हतं. मला कसं दातृत्व सुचलं बघा. आदल्या दिवशी मी कुणाकडून तरी एक तराजू मिळवला होता, अकरा बोंडांचा. तो तिच्या पुढ्यात टाकला आणि म्हटलं, "घे, तूबी खेळ." तिने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, म्हणाली, "लावते मग." मी म्हटलं, "एका तोंडासाठी मी कायले खेळू? माह्या तिन्ही पाटलिनी लावते. जिंकलीस त तिन्ही तुह्या. हरलीस त ते जुनं गाठोडं मले दे, चुलीले कामी येईन." हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. पण म्हटलं आहे, तर लिहिलंच पाहिजे.

शकीलाने माझ्याकडे पाहिलं. मग माझी पाटलीण हातात घेतली. "किती म्हनतं?"

"एकवीस."

तिने कडेच्या टोपलीतून सुई घेतली आणि सुईच्या टोकाने एकेक ठिकाण दाखवत मोठ्याने मोजायला लागली. "हे बोंड. हे बोंड. हे बोंड. हा साडीचा बुट्टा."

"कोनता बुट्टा?"

"हा. पाह्य ना, पदरावरचा. पदरावर बोंडं उगवतात का? हे बोंड. हा बुट्टा. हा बुट्टा. हा तिच्या नथेचा मोती, अवं, हाबी मोजला तुनं?"

बाया पुढे सरकल्या. कमलाकाकूंनी चष्मा नसलेल्या डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. साडीच्या हिरव्या रंगावरचे पांढरे बुट्टे लांबून अगदी फुटलेल्या बोंडासारखे दिसायचे. काढणाऱ्याने मुद्दाम काढले होते की काय देव जाणे. बुट्टे वगळून खरी बोंडं भरली नऊ. तराजूची अकरा. शकीलाने तिन्ही पाटलिणी उचलल्या, गुडघ्यावर ठोकून नीट जुळवल्या आणि म्हणाली, "तुहाच नियम हाये बाई, माहा नाही."

मी घरी आले आणि आत्याबाईंचा तांब्या असा आदळला की त्यांनी तांब्याचीच बाजू घेतली.

पेरणी झाली. मीच डब्यातून सरकी घेऊन ती मातीत टोबायला गेले होते. पाच दिवस गेले, सहा गेले, आठव्या दिवशी शेजारच्या शेतात वाघाची सरकी जोड पानांवर आली, मिशीवाल्याची आली, आमच्या शेतात ओळीच्या ओळी काळ्याच. कुठे एखादा कोंब, तोही मान टाकलेला. हे बांधावर उकिडवे बसून माती उकरून बघत होते. दाणा काढायचे, दोन बोटांत दाबायचे, आत पीठ. मी मागे उभी होते आणि मला एकदम आठवलं. तो डबा! त्या डब्यात आत्याबाईंचं मागच्या वर्षीचं लोणचं होतं. मी तो पुसला होता, धुतला नव्हता. सरकी मिठाने मेली. मीच मारली. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तक्कूत फोडणी घालायची विसरले तरी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी बातमी आली की वरच्या आळीतली पाटलीणही फुटली नाही. खालच्या आळीतली नाही. दोन-चार गावांत कुठेच नाही. म्हणजे बियाणंच सडकं निघालं होतं. आणि मला, सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. एवढ्या लोकांची शेतं काळी पडलेली ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. डबा निर्दोष सुटला होता ना.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी हे गावातून आले आणि ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाले, "परवा शेतीखात्याचे साहेब येतात पंचनाम्याले. ज्याच्यापाशी पावती अन् नंबराची पिशवी आहे, त्याले कंपनी बदली बियानं देनार. लगेच देनार. दुबार पेरनी साधते अजून, आठ दिवस हायेत." आणि मग माझ्याकडे वळून, "पिशव्या कुठं ठेवल्या?"

पावती ह्यांच्या पाकिटात होती. पिशव्यांचा नंबर छापलेला होता चित्राच्या खाली, पाटलिणीच्या पायांपाशी.

आत्याबाई म्हणाल्या, "इनंच डब्यात ओतलं, तिलेच माहीत." त्यांच्या आवाजात अजून कौतुकच होतं. समजदार सून, ठेवलं असेल जपून. मी म्हटलं, "चुलीत गेल्या." तेवढं खरं होतं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बसले, चपलेतली माती काढली, पुन्हा चप्पल घातली, पुन्हा काढली. बियाणं नाही तर यंदा शेत रिकामं, एवढं साधं गणित. मूग-उडदाची वेळही निघून चालली होती. चिंगी पुस्तक घेऊन ह्यांच्याजवळ गेली आणि त्यांनी तिचा पाढा ऐकला, सबंध, सत्रापर्यंत, आणि मग पुन्हा ऐकला. मला ते बघवेना. मी उठून शेजारी गेले.

धुनकी चालू होती. शकीलाचा नवरा बाहेरच्या पडवीत, ती आत एकटीच. मी दारातच सगळं सांगितलं. नीट नाही, उलटसुलट, आधी नंबर, मग डबा, मग चहा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बस." सुयांचा डबा काढला. झाकणाच्या आतल्या बाजूला बैलजोडी चिकटवलेली होती, दोन्ही बैलांची शिंगं झिजून पांढरी झालेली. मी तिकडे पाहिलं, तिनेही मी पाहिलं हे पाहिलं. मग तिने गादीखालून पाटलिणी काढल्या. तिन्ही.

तिने त्या शिवल्या होत्या. चारही कडांनी, गादीच्या दोऱ्याने, टाक्याला टाका लागून. आणि प्लास्टिक लवचीक म्हणून मागून अस्तर लावलं होतं. अस्तर कसलं? तिचीच जुनी तोंडं. एकीच्या मागे वाघ, एकीच्या मागे मिशीवाला, एकीच्या मागे गरुड, सगळे मागच्या सालचे, मी बाद केलेले. नंबराची ओळ बरोबर शिवणीत दुमडली गेली होती.

"उसवा लागन," ती म्हणाली. आणि उसवायला बसली. ब्लेड नव्हतं घेतलं, सुईनेच, एकेक टाका वर उचलून. भराभर ओढलं असतं तर चित्र फाटलं असतं, नंबर गेला असता. किती वेळ लागला कोण जाणे. धुनकीचा आवाज थांबला, तिचा नवरा नमाजाला गेला, परत आला, पुन्हा धुनकी सुरू झाली. मी समोर बसून राहिले. चुकलं, हा शब्द तोंडापर्यंत तीनदा आला. त्या वयात माझ्याकडे बोलायला कमी कधी पडलं नव्हतं, पण तो एक शब्द काही बाहेर निघेना. मी आपली उसवलेले दोरे गोळा करत होते आणि बोटाभोवती गुंडाळत होते, जसं काही तेच माझं काम. शेवटची पाटलीण मोकळी झाली तेव्हा तिने वाघ, गरुड आणि मिशीवाला बाजूला ठेवले, त्यांच्यावरून हात फिरवला, आणि पाटलिणी माझ्या हातात दिल्या. "सांभाळून ने. पाऊस हाये."

पंचनाम्याचे साहेब आले तेव्हा हे ती तोंडं पुढे करून उभे राहिले. कडेने सुईची भोकं, रांगेने, जणू साडीला लेस लावून काढली आहे. साहेबांनी विचारलं, "हे काय?" आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सावरून म्हटलं, "जपून ठेवलं, साहेब. शिवून." साहेबांनी नंबर उतरवून घेतला. नंतर घरी ह्यांनी विचारलंच, आणि मी सगळं सांगितलं, लोणच्याच्या डब्यासकट. ऐकून ते हसायला लागले. नथेचा मोती आठवून आठवून हसले. आत्याबाई मात्र पुढचे दोन महिने मला सोडून सगळ्या वस्तूंशी बोलल्या.

पाचव्या दिवशी बदली बियाणं आलं. पाटलीण नव्हती, कसलासा नवीनच वाण, चित्रात सूर्य उगवतो आहे आणि त्याच्या खाली बोंडंच बोंडं. ह्यांनी शेतात मला एकेक पिशवी दिली आणि म्हणाले, "घे, तूच फोड." मी वरून, शिवणीवरून, हळूच फोडल्या. दुबार पेरणी साधली. उशिरा का होईना, सरकी फुटली. कापूस त्या वर्षी कमीच झाला, पण झाला. शकीलाच वेचायला होती आमच्याबरोबर.

इराने मागच्या सुटीत मला सांगितलं की जुन्या पत्त्यांचंही एक टेबल असतं. स्पर्धेच्या त्याच हॉलमध्ये, एका बाजूला. तिथे कोणत्याही सालचं पान चालतं, फक्त तिथे जास्त करून मोठी माणसं बसलेली असतात. मी म्हटलं, तू बस जाऊन तुझा निळा पक्षी घेऊन. ती म्हणाली, तिथे सगळे फार भारी खेळतात, आजी, मी हरेन. मी म्हटलं, हर की. मी किती हरले ते तुला ठाऊक नाही.

तर त्या वर्षी, दुबार पेरलेल्या सरकीला जोड पानं आली त्या दिवशी दुपारी मी सूर्याचं तोंड घेऊन शकीलाच्या ओसरीवर गेले. सगळ्या जणी होत्या. कात्रीने नीट कापलेलं, कोरं करकरीत, बोंडं मोजून आणलेली, बुट्टे नव्हते. तिच्या पुढ्यात ठेवलं. चुकलं, हे त्याच्यातच आलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने ते हातात घेतलंही नाही. सुईत दोरा ओवत होती, तो ओवून झाल्यावर वर पाहिलं आणि म्हणाली:

"नवं तोंड ठेव तुह्यापाशी, रत्ना. ते त दरसाल येते. मले येवढंच सांग, उद्या माही बैलजोडी चालते का नाही?"